लाखेचा शिक्का ते ‘रन’चं बटण : ॲपलेटला दिलेल्या परवानगीचा इतिहास



आजची गोष्ट म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यापासून सुरू करू या. जुन्या म्हैसूरमधला हा व्यापारी वस्तीचा भाग. नावातच मंडी आहे. अशोका रोड, सयाजीराव रोड हे गजबजलेले रस्ते शेजारी आहेत. यातला सयाजीराव रोड म्हणजे आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. दसऱ्याची जंबूसवारी याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते.

त्या बन्नीमंटपाच्या भागात एक सरकारी कारखाना आहे, म्हैसूर पेंट्स अँड वार्निश. मतदान केल्यावर बोटाला लागते ती न पुसली जाणारी शाई इथे तयार होते. १९६२च्या निवडणुकीपासून ती देशभर वापरली जाते. पण १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी हा कारखाना काढला, तेव्हा त्याचं नाव होतं ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’. लॅक म्हणजे लाख. लखोटा बंद करताना आपण जी वितळवून त्यावर शिक्का उठवतो, ती लाख.

या लाखेपाशी जरा थांबू या, कारण आजचा सगळा विषय तिच्यात आहे. लाखेचा शिक्का दोन गोष्टी सांगतो. लखोटा कुणी बंद केला आणि मधे कुणी तो उघडला का. आत काय आहे, हे मात्र तो सांगत नाही. आत हिऱ्याची पावती असेल, नाहीतर विंचू असेल. शिक्का दोन्हींवर सारखाच बसतो.

आता एखाद्या बाजारपेठेतल्या दुकानदाराचा किंवा ठेकेदाराचा विचार करा. म्हैसूरचा घ्या, सांगलीचा घ्या, बेळगावचा घ्या. सरकारी टेंडर भरायचं तर पूर्वी दर लिहून, लखोटा सीलबंद करून, स्वतः जाऊन पेटीत टाकावा लागे. मग ई-टेंडर आलं. लखोट्याच्या जागी संगणक आला. आणि टेंडर भरताना पडद्यावर एक चौकट यायला लागली. चौकटीत प्रोग्रॅमचं नाव, तो कुणी बनवला त्याचं नाव, आणि खाली इंग्रजीत एक वाक्य. त्याचा अर्थ असा, की हा प्रोग्रॅम कोणत्याही बंधनाशिवाय चालेल, त्यामुळे तुमचा संगणक आणि तुमची खासगी माहिती धोक्यात येऊ शकते. त्याखाली दोन बटणं, ‘रन’ आणि ‘कॅन्सल’.

टेंडरची मुदत पाच वाजता संपतेय आणि घड्याळात पावणेपाच झालेत. ‘कॅन्सल’ कोण दाबणार?

हा प्रश्न त्या माणसाच्या समोर आलाच कसा, तो त्याला विचारणं योग्य होतं का, आणि त्याच्या ‘हो’ला काही अर्थ होता का, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

ओट्यावरचा पाहुणा

साल १९९५. अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २३ मे रोजी जावा ही नवी संगणकभाषा जगासमोर आणली. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य रचनाकार. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे जावा आणि आपलं इंटरनेट एकाच वयाचे.

तोपर्यंत वेबपेज म्हणजे अक्षरं आणि चित्रं. वाचायची आणि पुढे जायचं. जावाने सांगितलं, की पानाबरोबर एक छोटा प्रोग्रॅमही येईल आणि तो तुमच्या संगणकावर चालेल. हाच तो ॲपलेट. नेटस्केप नॅव्हिगेटर या तेव्हाच्या सगळ्यात लोकप्रिय ब्राउझरने १९९६मध्ये त्याला जागा दिली.

इथे नवं काय होतं ते लक्षात घ्या. त्याआधी प्रोग्रॅम म्हणजे दुकानातून आणलेली फ्लॉपी किंवा सीडी. आपण ती विकत आणायचो, आपल्या हाताने घालायचो. आता नुसतं पान उघडलं, की अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या घरात येऊन चालू लागणार. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर कसं घ्यायचं?

सनने दिलेलं उत्तर आपल्या पेठेतल्या माणसाला लगेच कळेल. ओट्यावर बस, चहा पी, पण गल्ल्याला हात लावायचा नाही आणि आतल्या खोलीत जायचं नाही. याला त्यांनी सँडबॉक्स म्हटलं, म्हणजे वाळूचा हौद. पोरांनी आत हवं ते करावं, वाळू बाहेर जाता कामा नये. ॲपलेटला तुमच्या फायली वाचता येत नव्हत्या, लिहिता येत नव्हत्या, दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येत नव्हता. ज्या संगणकावरून तो आला, त्याच्याशीच त्याला बोलता येई. त्याने उघडलेल्या खिडकीवर ‘ही ॲपलेटची खिडकी आहे’ अशी इशाऱ्याची पट्टी असे, म्हणजे कुणी बँकेसारखी दिसणारी चौकट दाखवून पासवर्ड मागू नये.

यात वापरणाऱ्याला काहीच विचारलं जात नव्हतं, ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. परवानगीचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांना एकच नियम, आणि तो पाळायची जबाबदारी यंत्राची.

यंत्र मात्र चुकत होतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक या तिघांनी १९९६च्या फेब्रुवारीत दाखवून दिलं, की इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या यंत्रणेला फसवून ॲपलेट भलत्याच संगणकाशी बोलू शकतो. पुढच्याच महिन्यात त्यांना याहून मोठं भोक सापडलं. त्यातून ॲपलेट सँडबॉक्सच्या पूर्ण बाहेर पडू शकत होता. भोकं बुजवली गेली. पण ओट्याला कठडा घातला म्हणजे झालं असं नाही, तो रोज तपासावा लागतो, हे पहिल्याच वर्षी कळलं होतं.

सही आली, आणि सहीबरोबर गैरसमज

दुसरी अडचण उलट्या बाजूची होती. गल्ल्याला हात न लावणारा पाहुणा निरुपद्रवी असतो, पण तो कामाचाही नसतो. फाइल वाचता येत नाही, छापता येत नाही, तर अशा ॲपलेटने हिशेब कसा करायचा, अर्ज कसा भरायचा?

म्हणून १९९७च्या फेब्रुवारीत आलेल्या जेडीके १.१मध्ये सही केलेला ॲपलेट आला. सही म्हणजे गणितावर चालणारा लाखेचा शिक्का. बनवणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते, तिने तो प्रोग्रॅमवर शिक्का उठवतो. जोडीची उघड किल्ली सगळ्यांकडे असते, तिने शिक्का खरा आहे का हे तपासता येतं. ती किल्ली अमक्याचीच आहे याचा दाखला एक तिसरी संस्था देते, तिला सर्टिफाइंग ऑथॉरिटी म्हणतात. शिक्का खरा, माणूस ओळखीचा, की ॲपलेटला सगळं घर मोकळं.

आपल्याकडे कोर्टकचेरीत दोन तऱ्हेची मुखत्यारपत्रं असतात. एक विशेष मुखत्यारपत्र. अमुक गावच्या अमुक गटाच्या जमिनीची नोंद करायची, तेवढ्यापुरतं. दुसरं कुलमुखत्यारपत्र. माझ्या वतीने सगळं. शहाणा माणूस दुसऱ्यावर सही करताना दहा वेळा विचार करतो. जेडीके १.१मधला सही केलेला ॲपलेट म्हणजे सरळ कुलमुखत्यारपत्र होतं. एक तर ओटा, नाहीतर सगळं घर. मधलं काही नाही.

मायक्रोसॉफ्टची वाट तर याहून मोकळी होती. १९९६च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ३ आला. त्यात ॲक्टिव्हएक्स नावाचे प्रोग्रॅम चालायचे. त्यांना ओटा नव्हताच. फक्त सही बघायची आणि आत घ्यायचं. फ्रेड मॅकलेन नावाच्या प्रोग्रॅमरने एक ॲक्टिव्हएक्स प्रोग्रॅम लिहिला, त्यावर रीतसर सही केली आणि वेबवर ठेवला. पान उघडलं की तुमचा विंडोज ९५चा संगणक आपोआप बंद. त्याला चोरी करायची नव्हती. दाखवायचं एवढंच होतं, की सही खरी आहे, माणूस खरा आहे, आणि तरीही प्रोग्रॅम घातक आहे. १९९७च्या सुरुवातीला जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने पुढची पायरी दाखवली. त्यांचा ॲक्टिव्हएक्स प्रोग्रॅम क्विकन या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये शिरून परस्पर पैसे पाठवण्याचा आदेश लिहीत होता.

शिक्का खरा असणं आणि माणूस भला असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आणि शिक्काही नेहमी खरा असतो असं नाही. २००१च्या जानेवारीत व्हेरीसाइन या नावाजलेल्या संस्थेने स्वतःला मायक्रोसॉफ्टचा माणूस म्हणवणाऱ्या कुणाला तरी मायक्रोसॉफ्टच्या नावाचे दोन दाखले देऊन टाकले होते.

विशेष मुखत्यारपत्र, जे कुणी लिहिलंच नाही

सनच्या लोकांना हे कळत होतं. १९९८च्या डिसेंबरमध्ये जेडीके १.२ आला. त्याची सुरक्षेची रचना ली गाँग यांनी आखली होती आणि ती खरोखर विचारपूर्वक केलेली होती. संगणकावर एक पॉलिसी फाइल ठेवायची. तिच्यात लिहायचं, की अमुक पत्त्यावरून आलेल्या, अमुक माणसाने सही केलेल्या प्रोग्रॅमला अमुक फोल्डरमधल्या फायली फक्त वाचायची परवानगी आहे. लिहायची नाही, दुसरीकडे पाठवायचीही नाही. म्हणजेच नेमक्या कामाचं विशेष मुखत्यारपत्र.

आणखी एक बारकावा होता. समजा तिजोरीची किल्ली मुनीमजींकडे आहे. अनोळखी माणूस मुनीमजींना म्हणतो, ‘जरा तिजोरी उघडा.’ अशा वेळी किल्ली कुणाकडे आहे एवढंच बघून चालत नाही, उघडायला सांगतोय कोण हेही बघावं लागतं. जेडीके १.२ नेमकं हेच करत होता. एखादं नाजूक काम करायची वेळ आली, की ते काम कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, अशी सगळी साखळी तपासायची. साखळीतल्या एकालाही परवानगी नसेल तर काम नाही. मात्र मुनीमजींना एक सवलत होती. एखादं काम ते स्वतःच्या जबाबदारीवर करू शकत, मग मागची साखळी बघितली जात नसे. ही सवलत लक्षात ठेवा, ती पुढे महागात पडणार आहे.

कागदावर सगळं सुरेख होतं. पण ती पॉलिसी फाइल लिहिणार कोण? सनने त्यासाठी पॉलिसी टूल नावाचं साधनही दिलं होतं. ते प्रोग्रॅमरलाच कळेल असं होतं. घरी बसून अर्ज भरणारा माणूस फाइलवाचनाची परवानगी आणि नेटवर्कची परवानगी यातला फरक ठरवून त्यात लिहील, ही अपेक्षाच चुकीची होती. त्यात नेटस्केपची परवानगी मागण्याची पद्धत वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी आणि सनची वेगळी.

मग सोपा मार्ग निघाला. ब्राउझरला जोडायचा जावा प्लग-इन सही केलेला ॲपलेट दिसला की एक चौकट दाखवू लागला. यावेळेपुरती परवानगी, कायमची परवानगी, किंवा नकार. ‘कशाची परवानगी’ हा प्रश्न त्या चौकटीत नव्हता. होता तो फक्त ‘किती वेळ’. म्हणजे विशेष मुखत्यारपत्राची सगळी व्यवस्था आत तयार असताना समोर सहीला आलं ते पुन्हा कुलमुखत्यारपत्रच.

माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हे आहे. यंत्राने घ्यायचा निर्णय यंत्रातून काढून माणसाच्या हातात दिला, आणि तो घ्यायला लागणारी माहिती मात्र दिली नाही.

टोकन, टेंडर आणि आपण

आता भारतात येऊ.

माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजे आयटी ॲक्ट, १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. या कायद्याने डिजिटल सहीला हाताने केलेल्या सहीइतकी मान्यता दिली. दाखले देणाऱ्या संस्थांना परवाना देण्यासाठी कंट्रोलर नेमला गेला. किल्ली ठेवायला पेनड्राइव्हसारखं दिसणारं यूएसबी टोकन आलं. टोकनची खुबी अशी, की गुप्त किल्ली त्याच्या बाहेर कधीच येत नाही. सही टोकनच्या आत होते, पिन घातल्यावर. पिन अनेकदा चुकली तर टोकन बंद पडतं.

२००६पासून कंपन्यांचे सरकारी अर्ज एमसीए-२१ या व्यवस्थेत डिजिटल सहीने भरले जाऊ लागले. मग ई-टेंडर पसरलं. महाराष्ट्राचं महाटेंडर्स हे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या व्यवस्थेवर चालतं आणि तीच व्यवस्था देशात इतर अनेक ठिकाणीही आहे.

या कामाला ॲपलेट का लागला, तेही समजून घेऊ, नाहीतर आपण उगाच बनवणाऱ्यांना दोष देऊ. जुन्या टेंडरमध्ये लखोटा ठेकेदार स्वतःच्या घरी बंद करत असे. कचेरीत नेऊन कारकुनासमोर दर लिहिले तर गुप्तता उरली कुठे? ई-टेंडरमध्येही तेच पाहिजे. तुमची दरपत्रकाची फाइल तुमच्याच संगणकावर कुलूपबंद व्हायला हवी आणि टेंडर उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्लीशिवाय ती उघडता कामा नये. मग ती सर्व्हरकडे जाईल. म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही मुदतीआधी दर दिसणार नाहीत. व्यवस्था उत्तम आहे. लाखेच्या शिक्क्यापेक्षा कितीतरी पक्की.

पण हे करायचं तर कुणीतरी तुमच्या संगणकावर बसून तुमची फाइल वाचायला हवी आणि टोकनशी बोलायला हवं. त्या काळच्या ब्राउझरला हे एकट्याने जमत नव्हतं. ते काम ॲपलेट करत होता. ओट्यावर बसून ते होणार नव्हतं, म्हणून त्याला पूर्ण परवानगी पाहिजे होती. आणि म्हणून ती चौकट येत होती.

आता ठेकेदाराच्या बाजूने बघा. टोकन आहे, पण संगणकात जावाची योग्य आवृत्ती नाही. ती घाला. टोकनचा ड्रायव्हर घाला. जावाच्या कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटीच्या पानावर जा. मदतपुस्तिका इंग्रजीत. छोट्या गावातल्या छोट्या ठेकेदाराने काय करायचं? तो शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जातो. कॉम्प्युटरवाला जावाची चालणारी आवृत्ती एकदा बसवतो आणि बजावतो, ‘जावा अपडेट म्हणेल, करू नका, नाहीतर टेंडर भरता येणार नाही.’ पुढे पुढे टोकन त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहतं आणि पिन टोकनला चिकटवलेल्या कागदावर असते.

आयटी ॲक्टचं ४२वं कलम सांगतं, की दाखला ज्याच्या नावावर आहे त्याने गुप्त किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची. ते टोकन म्हणजे तुमची सही आहे. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून आपण तो शेजाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवला नसता. टोकन ठेवलं, कारण ते सहीसारखं दिसत नव्हतं.

आणि ‘रन’ कुणी दाबलं? बहुतेक वेळा त्या ठेकेदाराने दाबलंच नाही. एकदा ‘नेहमी विश्वास ठेवा’ या चौकोनात खूण झाली, की पुन्हा प्रश्न येत नाही. परवानगी एकाने दिली, संगणक दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची.

मुनीमजी फसले

२०१०च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली. आणि पुढच्या दोनतीन वर्षांत ब्राउझरमधल्या जावाची पार दुर्दशा झाली.

२०१२च्या एप्रिलमध्ये फ्लॅशबॅक नावाच्या विषाणूने जावातल्या भोकातून सहा लाखांवर मॅक संगणक पकडले. ऑगस्टमध्ये आणखी एक भोक उघड झालं. मुनीमजींची सवलत लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती इथे कामी आली. जावाच्याच आतल्या, विश्वासातल्या एका भागाला हाताशी धरून बाहेरचा ॲपलेट पहारेकऱ्यालाच घरी पाठवत होता. सही नाही, चौकट नाही, परवानगी नाही. पान उघडलं की झालं. २०१३च्या जानेवारीत अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने लोकांना सांगितलं, की ब्राउझरमधला जावा बंद करा. फेब्रुवारीत फेसबुक आणि ॲपल या कंपन्यांनी कबूल केलं, की त्यांच्या कर्मचाऱ्यांचे संगणक याच वाटेने बाधित झाले होते.

ओरॅकलने नियम आवळत नेले. आधी सुरक्षेची पातळी ठरवायची पट्टी आली. मग ती पट्टी आपोआप वरच्या पातळीवर नेली. २०१४च्या जानेवारीत जावा ७च्या ५१व्या सुधारणेने फर्मान काढलं, की ओळखीच्या संस्थेचा दाखला नसलेला ॲपलेट चालणारच नाही. सही केलेल्या ॲपलेटनेही आपल्याला ओटा पुरेल की सगळं घर पाहिजे, हे आधी लिहून द्यायचं.

हे योग्यच होतं. पण जुन्या ॲपलेटवर चालणाऱ्या कचेऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी एक खिडकी ठेवली, ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’. अमुक संकेतस्थळाचं नाव इथे लिहा, म्हणजे त्याला नव्या नियमातून सूट. ठेकेदारांच्या मदतपुस्तिकेत एक पायरी वाढली, की आमच्या संकेतस्थळाचं नाव या यादीत घाला. म्हणजे टोकनसारखं देशातलं सगळ्यात पक्कं साधन वापरायला मिळावं म्हणून आधी आपल्याच दाराची कडी काढायची.

त्याच वर्षी दाखल्यांच्या बाजूनेही एक धक्का बसला. २०१४च्या जुलैमध्ये गूगलने जाहीर केलं, की भारताच्या एनआयसीच्या दाखला-यंत्रणेतून गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघाले आहेत. कंट्रोलरने एनआयसीची ती प्रमाणपत्रं रद्द केली. शिक्का ओतणाऱ्याच्या घरातही चोर शिरू शकतो, हे आता आपल्याच देशात दिसलं.

ॲपलेट गेला, प्रश्न राहिला

शेवट लवकर झाला. २०१५च्या सप्टेंबरपासून क्रोममध्ये जावा प्लग-इन पूर्ण बंद. २०१७च्या मार्चमध्ये फायरफॉक्सने दार लावलं. २०१८च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा ११मध्ये प्लग-इन उरलाच नाही. आपल्याकडे काही वर्षं टेंडरसाठी जुना इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्सची जुनी आवृत्ती जपून ठेवली गेली, जुन्या तिजोरीची किल्ली जपावी तशी. २०२२च्या जूनमध्ये इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. आणि २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या जावा २४मध्ये परवानग्या सांभाळणारा तो जुना पहारेकरी, सिक्युरिटी मॅनेजर, कायमचा बंद केला गेला.

मग आता सही कोण करतं? जीएसटी १ जुलै २०१७ला आला. त्याची संगणकव्यवस्था इन्फोसिसने बांधली. याच कंपनीचं मोठं प्रशिक्षण केंद्र म्हैसूरमध्ये आहे. जीएसटीच्या सहीसाठी ईएमसाइनर नावाचा प्रोग्रॅम वापरतात. तो तुमच्या संगणकावर बसवलेला असतो आणि १२७.०.०.१ या तुमच्याच संगणकाच्या पत्त्यावर, १५८५ क्रमांकाच्या दारात ब्राउझरची वाट बघत बसतो. त्याला ओटा नाही, सँडबॉक्स नाही. परवानगी एकदाच, बसवताना. आणि सुरुवातीला ब्राउझर ‘हा पत्ता सुरक्षित नाही’ म्हणाला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबायला सांगितलं जायचं. चौकट बदलली, सवय तीच राहिली.

याला एक उलट उदाहरणही आहे, तेही सांगायला हवं. २०१५मध्ये अँड्रॉइड ६ आला आणि मोबाइलमध्ये परवानगी मागण्याची रीत बदलली. कॅमेऱ्याची वेगळी, मायक्रोफोनची वेगळी, संपर्कयादीची वेगळी. तीही ज्या वेळी गरज पडेल त्या वेळी, आणि नंतर काढून घेता येईल अशी. जेडीके १.२ला जे विशेष मुखत्यारपत्र हवं होतं, ते सतरा वर्षांनी सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत आलं. त्याच वर्षी आपल्याकडे आधारवर चालणारी ई-साइनही आली. तिच्यात एका सहीपुरती किल्ली तयार होते, ओटीपी घातल्यावर वापरली जाते आणि नष्ट होते. ड्रॉवरमध्ये ठेवायला काही उरतच नाही.

तरीसुद्धा आज व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, वाहनाचं चलान म्हणून येते. फोन विचारतो, ‘अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का?’ आपण ‘हो’ म्हणतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. लग्नपत्रिकेला एसएमएस कशाला वाचायचेत? हा प्रश्न मनात यायला संगणकशास्त्र लागत नाही. पण गेली पंचवीस वर्षं पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीने आपल्याला न वाचता ‘हो’ म्हणायला शिकवलं आहे, आणि ते शिकवण्यात बँका, कंपन्या आणि सरकारी संकेतस्थळं सगळ्यांचा हातभार आहे. प्रामाणिक व्यवस्थेने लावलेली सवय चोर आयती वापरतो. फसलेल्या माणसाला ‘तुम्ही वाचलं का नाही?’ असं विचारण्याआधी हे आठवायला हवं.

तेव्हा जे संकेतस्थळं आणि ॲप बनवतात, त्यांच्याकडून आपण मागायचं ते हे. परवानगी एका कामाची मागा, आमच्या भाषेत मागा, आणि नाही म्हटलं तर माझं काम अडणार नाही अशी दुसरी वाट ठेवा. ‘नाही’ म्हटल्यावर टेंडरच बुडत असेल, तर ‘हो’ला परवानगी म्हणता येत नाही.

आणि आपण स्वतःपुरतं करायचं ते याहून सोपं आहे. चौकट आली की तीन गोष्टी बघायच्या. मागतोय कोण, कशाची मागतोय, आणि किती दिवसांसाठी. पहिलीचं उत्तर शिक्का देतो. दुसरीचं आणि तिसरीचं तो देत नाही. आणि ज्यांचं टोकन अजून दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यांनी ते उद्या घरी आणावं आणि पिन बदलावी.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. तुमच्या गावात ई-टेंडर किंवा जीएसटी भरताना काय अनुभव आले, ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.